दत्तक कुत्र्याचे शिक्षण आणि पहिले तीन महिने

परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या गल्लीत वाढलेला कुत्रा दत्तक घेतला जातो, तेव्हा तो कोरी पाटी घेऊन घरात येत नाही. माणसांविषयीचे बरेच ज्ञान त्याने आधीच मिळवलेले असते आणि त्यातील बहुतेक कटू असते. माणूस जमिनीकडे वाकला की त्याच्या हातात दगड येणार, हे तो पिल्लू असतानाच शिकतो, त्यामुळे नव्या घरात कोणी फरशीवरचे भांडे उचलण्यासाठी वाकले तरी तो शेपूट पायांत घालून पलंगाखाली शिरतो, आणि एवढी माया लावूनही हा माणसाळत नाही, असा समज घरच्यांनी करून घेतला की चिडचिडीला सुरुवात होते.

पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सामाजिकीकरणाचा, म्हणजे भोवतालचे प्राणी, माणसे व वस्तू निर्धोक मानून स्वीकारण्याचा असतो. या काळात गल्लीतल्या पिल्लाला रिक्षा, बैलगाडी आणि बाजाराची वर्दळ सरावाची होते. परंतु मिक्सरचा आवाज, डोक्यावर फिरणारा पंखा, जिना आणि बंद होणारे दार त्याने अनुभवलेले नसते, म्हणून मोठ्या वयात या गोष्टी त्याला नव्याने आणि म्हणून सावकाश शिकाव्या लागतात.

हे शिकणे कसे घडते याचा पाया रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांच्या संशोधनात सापडतो. अन्नापूर्वी ठरावीक इशारा वारंवार मिळाला की पुढे केवळ त्या इशाऱ्यानेही कुत्र्याला लाळ सुटते, असे त्यांनी दाखवले. भीतीदेखील अशाच जोडणीतून निर्माण होते आणि त्याच मार्गाने, उलट दिशेने, सोडवता येते. वाकलेल्या माणसाला भिणाऱ्या कुत्र्यापासून पुरेसे दूर उभे राहून किंचित वाकावे, लगेच उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा त्याच्याकडे टाकावा आणि तो निवांतपणे खाऊ लागला तरच पुढच्या वेळी अंतर थोडे कमी करावे. तो थिजला, जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला किंवा त्याने तुकड्याकडे पाठ फिरवली, तर अंतर फार लवकर कमी झाले असे समजून मागे यावे. येथे घाई केल्यास जुनी भीती अधिकच पक्की होते.

घरात लघवी करण्याच्या सवयीबाबत तर घरोघरी एकच चूक होते. कुत्र्याचे नाक ओल्या फरशीवर घासून त्याला मारले जाते. पण त्या क्षणी शिक्षेचा संबंध तो मघाच्या कृतीशी जोडू शकत नाही, समोरच्या माणसाशी मात्र जोडतो, आणि पुढे लपून लघवी करू लागतो. झोपेतून उठल्यावर, खाण्यानंतर व खेळानंतर त्याला बाहेर नेणे आणि तेथे लघवी होताच खाऊ देणे हाच खात्रीचा उपाय आहे. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडत असल्याने तापलेल्या डांबरावर पंजे पोळतात, म्हणून फेरी पहाटे व सूर्यास्तानंतरच ठेवावी.

स्थिरावण्यासाठी तीन दिवस, दिनक्रम उमगण्यासाठी तीन आठवडे आणि घर आपले वाटण्यासाठी तीन महिने, असा अंदाज प्राणिसेवक सांगतात. तो ढोबळ असून काही कुत्र्यांना वर्षही लागते. मात्र एकाएकी वाढलेली चिडचिड किंवा अंगाला हात लावू न देणे हे दुखण्याचेही लक्षण असू शकते, त्यामुळे शिस्तीचा विचार करण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी, रेबीजची लस आणि जंतनाशक औषध घेणे आवश्यक ठरते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने जिल्ह्यातील लोकांना ही सोय जवळच उपलब्ध आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घेण्यास वाव दिला, पण दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. त्यामुळे पहिले तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ वेळ देणारे माणूस घरात आहे का, याचा निर्णय वाचकांनी कुत्रा आणण्याआधीच करावा.