व्यापारी अंकगणित : अमेरिकेतील आरंभीचे अध्यापन

शाळेत काय शिकवले जावे हे पुष्कळदा बाजार ठरवतो; कसे शिकवावे, हा प्रश्न मात्र नंतर उभा राहतो. अमेरिकेतील आरंभीच्या अंकगणिताच्या आधारे हे समजून घेऊ.

अठराव्या शतकात अमेरिकी वसाहतींमधील हिशेब पौंड, शिलिंग व पेन्स यांत ठेवले जात. परंतु शिलिंगचे मोल सर्वत्र सारखे नव्हते. चांदीचा एक स्पॅनिश डॉलर मॅसॅच्युसेट्समध्ये ६ शिलिंग, पेनसिल्व्हेनियात ७ शिलिंग ६ पेन्स, तर न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंग धरला जाई. म्हणजेच न्यूयॉर्कचे ४० शिलिंग हे बोस्टनच्या ३० शिलिंगांइतके होत. ज्याला हा हिशेब येत नसे, त्याला समोरच्याच्या शब्दावर विसंबावे लागे.

असे प्रश्न त्रैराशिकाने सोडवले जात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही आढळणाऱ्या या रीतीत तीन ज्ञात संख्यांवरून चौथी काढली जाते. ८ शिलिंगांचे ६, तर ४० शिलिंगांचे किती? ४० ला ६ ने गुणून ८ ने भागले की ३० हे उत्तर मिळते.

छापील पुस्तक पुष्कळदा केवळ शिक्षकाजवळ असे. तो नियम सांगे. विद्यार्थी तो वहीत उतरवून त्यावरील उदाहरणे सोडवी. व्याज, नफा-तोटा, भागीदारी, वस्तुविनिमय अशा प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा नियम असे. १७८८ साली प्रसिद्ध झालेल्या निकोलस पाइक यांच्या ग्रंथातही नियमांचीच रेलचेल होती. नियमामागील कारण सहसा सांगितले जात नसे. त्यामुळे प्रश्नाचे रूप बदलले, की विद्यार्थी अडखळण्याचा संभव असे.

१७९२ च्या कायद्याने दशमान पद्धतीचा डॉलर स्वीकारला गेला आणि नाणेविषयक हिशेब सोपे होण्याचा मार्ग खुला झाला. अध्यापनाला नवी दिशा मिळाली ती १८२१ मध्ये, वॉरन कोलबर्न यांच्या पुस्तकामुळे. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या विचारांना अनुसरून त्यांनी लहान संख्या व परिचित वस्तूंपासून आरंभ केला. मुलाने तोंडी विचार करून उत्तर शोधावे, नियम त्यातून पुढे निघावा, अशी त्यांची भूमिका होती.

नियम पाठ असणारा ओळखीचा हिशेब करू शकतो. त्यामागील कारण जाणणारा अनोळखी हिशेबही तपासू शकतो. व्यवहारात फसवणुकीपासून रक्षण करते ते हे दुसरे ज्ञान होय.

स्वयं-अध्ययन : बोस्टनमधील ४५ शिलिंगांचे देणे न्यूयॉर्कच्या किती शिलिंगांइतके होईल? प्रथम त्रैराशिकाने, नंतर रकमेचे डॉलर करून उत्तर काढा. कोणती रीत अधिक उमगली व का, ते थोडक्यात लिहा.