टीएसएच वाढला म्हणजे काय?

रिपोर्टमध्ये टीएसएचसमोर ८ हा आकडा दिसला, की ‘थायरॉइड वाढला’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात अर्थ बहुधा उलटा असतो. टीएसएच हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते आणि थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड मंदावली, की टीएसएच वाढते. ती जास्त काम करू लागली, की घटते.

प्रौढांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ असते; लॅबनुसार थोडा फरक पडतो. ते ४ ते १० च्या दरम्यान आणि फ्री टी-४ नॉर्मल असेल, तर लगेच गोळी लागतेच असे नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर अनेकांचा आकडा आपोआप खाली आलेला दिसतो. गरोदर स्त्रियांनी मात्र थांबू नये, लगेच डॉक्टरांना भेटावे. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असते.

गोळी सुरू असताना रिपोर्ट नॉर्मल आला, तर तो त्या गोळीचा गुण असतो. ती स्वतःहून बंद करू नये. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्यामुळे आकडे चुकू शकतात.