जाब कुणी द्यायचा?

सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख ठेवायची, ही तरतूद 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या आराखड्यातच होती. महाराष्ट्रात ती कागदावर राहिली नाही, याचं श्रेय जन आरोग्य अभियानाच्या कार्यकर्त्यांना द्यायला हवं. 2007 मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांतल्या 225 गावांत काम सुरू झालं. राज्याचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होता. पुरंदरमध्ये ‘मासूम’, मेळघाटात ‘खोज’ अशा आधीपासून तिथे रुजलेल्या संस्था होत्या.

बाळंतपणाच्या बाबतीत तेव्हा सगळा भर एका आकड्यावर होता: दवाखान्यात किती झाली? बाईला तिथे कसं वागवलं, औषधाची चिठ्ठी बाहेरची दिली का, पुढे पाठवताना गाडी मिळाली का, हे लिहायला रजिस्टरात रकानाच नव्हता. देखरेखीसाठी बनवलेल्या गावाच्या प्रगतिपत्रकाने तो रकाना उघडला. बायका एकत्र बसायच्या, एकेक प्रश्न वाचला जायचा, आणि उत्तर रंगात उमटायचं. सेवा चांगली तर हिरवा, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा लाल खुणेवर बोट ठेवून ‘हे आमच्या सुनेच्या वेळचं’ असं सांगू शकायची. संशोधक म्हणून मी कितीतरी प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत. उत्तर देणारीच्या हातात कागद राहिला, असं मी तिथेच पाहिलं.

मग जनसुनवाई. मांडव, समोर आरोग्य खात्याचे अधिकारी, बाजूला पंचायत समितीचे सदस्य. एका सुनवाईत ओली बाळंतीण प्लास्टिकच्या पिशवीतून मेडिकलची बिलं काढून उभी राहिली. सरकारी दवाखान्यात बाळंत होऊनही सलाईनपासून इंजेक्शनपर्यंत सगळं विकत आणावं लागलं होतं. जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपयेही हातात पडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, साठा नव्हता. ‘मग तसं बाहेर लिहून का लावलं नाही?’ हा तिचा प्रश्न. त्यावर उत्तर आलं नाही, पण पैशांचं आश्वासन सगळ्यांच्या देखत द्यावं लागलं.

अशा दबावाचा परिणाम दिसला. प्रगतिपत्रकांच्या पहिल्या फेरीत 48 टक्के सेवांना ‘चांगली’ शेरा होता, तिसऱ्या फेरीत तो 66 टक्क्यांवर गेला. 2011 मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने मोफत औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण हा हक्क म्हणून मान्य केला, तेव्हा या गावांतल्या बायकांना तो मागायची सवय आधीच झालेली होती.

तरी मला एक गोष्ट सलत राहिली. मांडवात उत्तर द्यायला बहुतेक वेळा उपकेंद्राची नर्सबाई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा तरुण डॉक्टर उभा असायचा. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, रक्त साठवायची सोय नाही, पदं रिकामी आहेत, हे त्यांच्या हातात नव्हतं. ज्यांच्या हातात होतं ते मुंबईत. दोन-तीन खेड्यांचा भार वाहणारी नर्स लोकांसमोर रडकुंडीला आलेली मी पाहिली आहे, आणि त्याला उत्तरदायित्व म्हणायला माझं मन तयार होत नाही. शिवाय ही सगळी प्रक्रिया राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्याच पैशावर चालायची. ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच तिजोरीकडे डोळे लावून बसावं लागायचं.

महाराष्ट्रात 2001-03 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 149 मातामृत्यू होते, 2018-20 मध्ये 33. रस्ते, शिक्षण, 108 ची गाडी, आशाताईंची पायपीट, सगळ्यांचा त्यात वाटा आहे; देखरेखीचा नेमका किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण प्रश्न सरकारी दवाखान्यांपुरता नाही. आज राज्यात चारातली एक बाई सिझेरियनने बाळंत होते, आणि खासगी रुग्णालयांत हे प्रमाण सरकारीपेक्षा जास्त आहे. 2021 मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. पण गावासमोर बसून बाळंतिणीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचं बंधन खासगी रुग्णालयांवर अजून कुणी घातलेलं नाही.