विधी महाविद्यालयाचे वार्षिक वेळापत्रक आणि शैक्षणिक नियम : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर वार्षिक वेळापत्रक लावले जाते. विद्यार्थी त्यातील सुट्ट्या व परीक्षांच्या तारखा पाहतात, प्राध्यापक आपल्या अध्यापन नियोजनासाठी त्याची एक प्रत ठेवतात आणि पुढे वर्षभर त्या कागदाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. विधी महाविद्यालयाच्या बाबतीत मात्र या कागदाला वेगळे महत्त्व आहे. विधी पदवी वकिलीच्या सनदेसाठी ग्राह्य धरली जाण्याच्या अटी येथे आठवडे, तास व तारखा यांच्या रूपाने प्रत्यक्षात येतात. वेळापत्रकात जागा नसेल तर नियम पुस्तकात राहतो आणि त्याचा भार विद्यार्थ्यावर पडतो. प्रस्तुत लेखात विधी शिक्षणातील प्रमुख शैक्षणिक नियमांचा वार्षिक वेळापत्रकाशी असलेला संबंध स्पष्ट करून, जालना जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात त्याची आखणी कशी असावी याचा विचार केला आहे.

नियमांचे स्रोत

विधी महाविद्यालयाचे वेळापत्रक एकाच संस्थेच्या अधिकारात नसते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये विधी शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजेच भारतीय विधिज्ञ परिषदेस आहे. परिषदेचे विधी शिक्षण नियम, २००८ हे आजच्या व्यवस्थेचा पाया आहेत. अभ्यासक्रम, परीक्षा व सत्रांच्या तारखा विद्यापीठ ठरविते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. प्रवेशासाठी महाराष्ट्रात २०१६ पासून सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते व प्रवेशाच्या फेऱ्यांचे नियंत्रण राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे आहे. निकालाबाबत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, व कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत, निकाल जाहीर करण्याची तरतूद आहे. या सर्वांच्या तारखा महाविद्यालयाला एकाच कागदावर बसवाव्या लागतात.

वर्षाचे गणित

२००८ च्या नियमांनुसार विधी अभ्यासक्रम सत्र पद्धतीने चालतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक सत्रात किमान पंधरा आठवडे अध्यापन व आठवड्यास किमान तीस तास अपेक्षित आहेत. या तीस तासांत अनुशिक्षण वर्ग, अभिरूप न्यायालय व चर्चासत्रे यांचा समावेश होतो. तथापि, त्यांपैकी किमान चोवीस तास व्याख्यानांचे असले पाहिजेत. म्हणजे एका सत्रात ४५० व वर्षात ९०० तास झाले. याशिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण बारा आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण वीस आठवडे आंतरवासिता (इंटर्नशिप) आवश्यक आहे. कोणत्याही एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. बारा भागिले तीन काय किंवा वीस भागिले पाच काय, उत्तर वर्षाला चार आठवडे असेच येते.

आता बेरीज करू. दोन सत्रांचे तीस आठवडे व आंतरवासितेचे चार मिळून चौतीस आठवडे होतात. बावन्नपैकी अठरा आठवडे उरतात. दोन परीक्षांना प्रत्येकी तीन आठवडे धरल्यास बारा आठवडे शिल्लक राहतात. दिवाळी व उन्हाळी सुटी, प्रवेशप्रक्रिया आणि निकाल एवढे सर्व या बारा आठवड्यांत बसवायचे असते. कागदावर हे गणित जुळते. प्रवेश लांबले की प्रथम वर्षासाठी ते कोलमडते.

हजेरीचा नियम आणि उशिरा झालेला प्रवेश

नियम १२ अन्वये प्रत्येक विषयात, तसेच अभिरूप न्यायालय, अनुशिक्षण व प्रात्यक्षिक प्रशिक्षणात ७० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. अपवादात्मक कारण असल्यास, संबंधित विषयात किमान ६५ टक्के व सर्व विषय मिळून ७० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास प्राचार्य परीक्षेस बसण्याची परवानगी देऊ शकतात.

हा नियम उशिरा प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यावर कसा परिणाम करतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एका विषयाचे आठवड्यास पाच याप्रमाणे पंधरा आठवड्यांत ७५ तास झाले. सत्तर टक्क्यांसाठी ५३ तास उपस्थिती हवी, म्हणजे २२ तासांची मोकळीक मिळते. मंठा तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याचे नाव शेवटच्या फेरीत लागले व तो वर्ग सुरू झाल्यावर चार आठवड्यांनी रुजू झाला, तर त्याचे २० तास आधीच गेलेले असतात. उरलेल्या ५५ तासांत त्याला केवळ दोन तास चुकवता येतात. एक आजारपण किंवा दोन दिवस न आलेली एस.टी. त्याला नियमाच्या बाहेर ढकलण्यास पुरेशी ठरते. ज्या तासांच्या वेळी तो महाविद्यालयाचा विद्यार्थीच नव्हता, ते तास त्याच्या नावे अनुपस्थिती म्हणून मांडले जावेत काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. हा प्रश्न परीक्षा अर्जाच्या वेळी उपस्थित झाला तर उपाय उरत नाही. तो वेळापत्रक आखतानाच सोडविला पाहिजे.

या संदर्भात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेला निर्णय विचारात घेण्याजोगा आहे. कमी हजेरीमुळे परीक्षेस बसू न दिलेल्या एका विधी विद्यार्थ्याच्या २०१६ मधील मृत्यूतून हे प्रकरण उद्भवले होते. केवळ हजेरी कमी आहे म्हणून विधी विद्यार्थ्यास परीक्षेपासून रोखू नये, असे न्यायालयाने म्हटले व हजेरीच्या निकषांचा फेरविचार करण्यास परिषदेस सांगितले. त्याचबरोबर हजेरीची माहिती दर आठवड्यास विद्यार्थ्यांना व दर महिन्यास पालकांना द्यावी, तसेच हजेरी कमी असलेल्यांसाठी जादा वर्ग घ्यावेत, असेही निर्देश दिले. या निर्णयामुळे वर्गातील उपस्थितीचे महत्त्व संपत नाही. हजेरी भरून काढण्याची संधी सत्र चालू असतानाच दिली पाहिजे, हे त्यातून अधोरेखित होते. अशी संधी देण्यासाठी वेळापत्रकात जागा राखून ठेवावी लागते.

आंतरवासिता आणि न्यायालयांची सुटी

आंतरवासितेत प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एकदा सत्र किंवा दिवाणी न्यायालयात खटले चालविणाऱ्या व अपिलाचे काम पाहणाऱ्या वकिलांकडे काम करावे, अशी अपेक्षा आहे. प्रात्यक्षिकाच्या विषयात वर्षात तीन अभिरूप न्यायालये, एक दिवाणी व एक फौजदारी अशा दोन खटल्यांचे निरीक्षण आणि त्याची नोंदवही यांचा अंतर्भाव आहे. सामान्यतः महाविद्यालये हे काम उन्हाळी सुटीवर सोपवितात. परंतु मे महिन्यात जिल्हा व तालुका पातळीवरील दिवाणी न्यायालयांनाही उन्हाळी सुटी असते. त्या काळात मुख्यतः तातडीची व फौजदारी स्वरूपाची कामे चालतात. विद्यार्थी मोकळा असतो तेव्हा न्यायालय बंद आणि न्यायालय उघडते तेव्हा वर्ग सुरू, अशी ही विसंगती आहे. मग साक्षीपुरावा, उलटतपासणी व युक्तिवाद पाहण्याऐवजी केवळ प्रमाणपत्र मिळविण्यावर भर राहतो. तीन वर्षांनंतर सनद घेऊन तोच विद्यार्थी पक्षकाराचे वकीलपत्र स्वीकारतो, तेव्हा या उणिवेची किंमत पक्षकारास मोजावी लागते.

जालना जिल्ह्याची परिस्थिती

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या आठ तालुक्यांत शेती हाच बहुसंख्य कुटुंबांचा आधार आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी एकाच वेळी येते आणि घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्या लांबल्या तर नव्या विद्यार्थ्याचे पहिले आठवडे नेमके याच काळात येतात. निवासी नसलेल्या महाविद्यालयात सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेत वर्ग घेण्यास नियमांची मुभा आहे. परंतु गावी परतण्याची शेवटची बस चुकेल अशा वेळी ठेवलेला तास मुलींसाठी व दूरच्या विद्यार्थ्यांसाठी नसल्यासारखाच असतो. दुसरीकडे, जालन्यात जिल्हा न्यायालय आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे १९८१ मध्ये स्थापन झालेले औरंगाबाद खंडपीठ सुमारे साठ किलोमीटर अंतरावर आहे. मूळ खटला व अपील दोन्ही पाहण्याची सोय इतक्या जवळ असणे ही या जिल्ह्याची जमेची बाजू होय.

काही सूचना

१. उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी प्रथम सत्रात दोन आठवड्यांचे जादा वर्ग आरंभीच निश्चित करावेत व त्यांची हजेरी मूळ हजेरीत धरण्याबाबत विद्यापीठाकडून लेखी निर्देश घ्यावेत.

२. द्वितीय व तृतीय वर्षाची आंतरवासिता न्यायालये उघडल्यानंतर, जूनच्या मध्यापासून चार आठवडे ठेवावी. प्रथम वर्षासाठी पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतरचा काळ सोयीचा ठरेल.

३. तीन अभिरूप न्यायालये सत्राच्या शेवटच्या आठवड्यात न उरकता वर्षभरात विभागून घ्यावीत.

४. विधी साहाय्य केंद्र चालविणे महाविद्यालयास बंधनकारक आहे. त्याची शिबिरे, राष्ट्रीय लोकअदालतीच्या तारखा, ९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन व २६ नोव्हेंबरचा संविधान दिन वेळापत्रकात आधीच नोंदवावेत.

५. हजेरीचा तक्ता दर आठवड्यास फलकावर लावावा व दर महिन्यास पालकांना कळवावा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, विधी शिक्षणाचे नियम व वार्षिक वेळापत्रक यांचा स्वतंत्रपणे विचार करता येत नाही. तासांची, हजेरीची व आंतरवासितेची अट पाळणे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. ती पाळता येईल असे वर्ष त्याच्यापुढे मांडणे हे महाविद्यालयाचे व विद्यापीठाचे कर्तव्य आहे. प्रवेशाच्या तारखा महाविद्यालयाच्या हाती नाहीत, परंतु जादा वर्ग, आंतरवासितेचा काळ व हजेरीची वेळेवर सूचना या गोष्टी निश्चितच आहेत. तेवढ्या जरी काटेकोरपणे आखल्या गेल्या, तरी घरातून प्रथमच विधी शिक्षणाकडे वळलेला खेड्यातील विद्यार्थी नियमाच्या कचाट्यात न सापडता नियम शिकून बाहेर पडेल.