बघण्याची शाळा

नाटक शिकायला शाळा कशाला लागते, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो. गाणे शिकणाऱ्या मुलीला असे कुणी विचारीत नाही. तिच्यापुढे तानपुरा असतो, सकाळी सहाला सा लागतो, शेजाऱ्यांची झोपमोड होते. म्हणजे काहीतरी शिक्षण चालले आहे अशी सर्वांची खात्री पटते. नाच शिकणारीच्या पायांत घुंगरू असतात. पण नट होऊ पाहणाऱ्याने चारचौघांना दाखवायचे तरी काय? आमच्या हातात एक दोनशे पानी वही होती आणि तिच्यापायी आमच्या घरात सुरुवातीचे तीन महिने रोज रात्री जेवताना वाद होत असे.

1996 सालच्या जूनमध्ये मी मुंबईतल्या एका नाट्यवर्गात नाव नोंदवले. नुकतीच बी. कॉम. झाले होते. वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, आणि गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही पाच माणसे: आजी, आईबाबा, धाकटा भाऊ आणि मी. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितले, "दिवाळीपर्यंत कुणी रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. बाहेर जायचं, माणसं बघायची आणि लिहून आणायचं. वहीच्या डाव्या पानावर जे दिसलं ते. उजव्या पानावर त्याबद्दल तुम्हाला काय वाटलं ते. आणि डाव्या पानावर एकही विशेषण मला दिसता कामा नये."

बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. "बघायला फी कशाला भरायची? गॅलरीत उभी राहा की फुकट!"

यावर आजी म्हणाली, "बघू दे रे तिला. घरात कुणाचं लक्ष नाही म्हणून तर भय्या दुधात पाणी घालतो." दुधाचा हिशेब आजीकडे असे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या त्या तारखेच्या चौकटीत ती बारीक पेन्सिलीने लिटर मांडीत असे आणि महिनाअखेरीस भय्याची आणि तिची जी बाचाबाची होई ती ऐकायला मजल्यावरची मंडळी दारात येत.

विशेषणाशिवाय लिहिणे किती अवघड असते हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळेल. आमच्या वर्गातल्या एकाने लिहिले होते, 'चर्नी रोडच्या पुलावर एक दुःखी म्हातारा बसला होता.' सरांनी 'दुःखी' शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल केला आणि विचारले, "दुःख कुठं दिसलं? हातात? चपलेत? ते लिही. दुःख आहे की नाही ते मग मी ठरवीन." त्या बिचाऱ्याने पुन्हा तीन दिवस पुलावर काढले आणि लिहून आणले, की म्हाताऱ्याच्या खिशात चष्मा आहे, पण वर्तमानपत्र तो चष्मा न लावता समोर धरतो आणि पान उलटत नाही. सगळा वर्ग गप्प झाला.

माझ्या वाट्याला दादरचा फुलबाजार आला होता. पहाटेच्या गाडीने जायचे आणि एका गजरेवालीसमोर तासभर उभे राहायचे. तिचे हात केळीच्या सोपाच्या धाग्यात फुले गुंफीत, पण डोळे हाताकडे एकदाही जात नसत. ते सगळा वेळ गिऱ्हाइकांच्या चपलांवर असत. दोन आठवड्यांनी माझ्या ध्यानात आले की चप्पल पाहून ती भाव सांगते! मी स्वतः त्या दिवसापासून दादरला जुनी चप्पल घालून जाऊ लागले.

हे काही आमच्या सरांनी काढलेले नवे खूळ नव्हते. आपल्या नाट्यशास्त्रात नाट्याला तीन प्रमाणे सांगितली आहेत: लोक, वेद आणि अध्यात्म. शास्त्रात जे सांगायचे राहून गेले ते लोकांकडून घ्यावे, असा निर्वाळाही भरताने देऊन ठेवला आहे. मॉस्कोत 1902 साली गॉर्कीचे 'लोअर डेप्थ्स' हे नाटक बसवायचे ठरले तेव्हा स्तानिस्लाव्हस्की आपल्या नटांना घेऊन खित्रोव्ह बाजारातल्या भणंगांच्या रात्रनिवाऱ्यांत जाऊन आले होते. चार्ली चॅप्लिनला तर ही शाळा घरातच मिळाली. त्याची आई खिडकीत बसून रस्त्यावरची माणसे न्याहाळी आणि त्यांच्या नकला करून दाखवी. एखाद्याचे पॉलिश न केलेले बूट आणि ओढत टाकलेली पावले पाहून, हा आज बायकोशी भांडून उपाशीच निघाला आहे, असे ती सांगे. आपल्याकडे बालगंधर्वांनी रंगभूमीवर वावरणारी स्त्री अशी उभी केली की त्यांचे लुगडे, त्यांची नथ आणि त्यांचे केस बांधणे यांचे अनुकरण घरंदाज बायका करू लागल्या. आणि लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली 52 पात्रे एकट्या माणसाच्या अंगात शिरली ती काय पुस्तके वाचून?

पण या साऱ्या बघण्यात मला जे सर्वांत मोलाचे मिळाले ते गिरगाव चौपाटीच्या बाकांवर. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना म्हातारे व्हायला सांगा. ती लगेच कंबरेत वाकतील, हात थरथरवतील आणि आवाज कापरा करतील. मी महिनाभर संध्याकाळी चौपाटीवरच्या वृद्ध मंडळींकडे पाहिले. त्यांपैकी एकजणही म्हातारे दिसण्याचा प्रयत्न करीत नव्हता. उलट सगळ्यांची धडपड होती ती म्हातारे न दिसण्याची. बाकावर बसण्यापूर्वी पोटरी हळूच बाकाला लावून ते आहे की नाही हे चाचपायचे, आणि मग जणू सहज बसलो असे बसायचे. कुणी हाक मारली तर मानेऐवजी सगळे अंग वळवायचे, पण ते समुद्र पाहण्याच्या निमित्ताने. उठताना मध्येच थांबावे लागले तर धोतराचा सोगा सारखा करायचा. म्हातारपण दिसते ते त्या लपवण्यात. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 रोजी झाला तेव्हा डॉ. श्रीराम लागू अवघे 43 वर्षांचे होते. ते थकलेले बेलवलकर ज्यांना आठवत असतील, त्यांना मी काय म्हणते ते लगेच पटेल.

सरांनी मग सांगितले, "आता घरात बघा. परक्याकडे बघणं सोपं असतं."

घरात बघण्यासारखी माझी आजीच होती. गणपती होऊन गेल्यावर मी तिच्याबद्दल लिहू लागले. आमचे घर रत्नागिरीकडचे. आजी नऊवारी नेसणारी, बोलणे खणखणीत. नोंदी साध्या होत्या. 'सोमवार. शेजारच्या काकू आल्या. आजी: ये गो, घरची सगळी बरी ना? काकू निघून गेल्यावर आजीने आईला विचारले, कोण होती?' 'गुरुवार. तांदूळ निवडून झाले. ताट पुन्हा पुढे ओढले. पुन्हा निवडले.' 'रविवार. पदराला तीन गाठी.' आठवण राहावी म्हणून पदराला गाठ मारायची सवय आपल्या जुन्या बायकांना असतेच. पण गाठ एक असते.

ऑक्टोबरात एका वृद्धेच्या भूमिकेचा पाठ करायचा होता. त्यासाठी आजीबद्दलच्या साऱ्या नोंदी मी एका रात्री सलग उतरवून काढल्या. अकरा झाल्या. सुट्या वाचताना प्रत्येक नोंद म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा एक विसराळूपणा होता. एकाखाली एक लिहिल्यावर त्यातून निराळेच काही दिसू लागले. चौपाटीवरची मंडळी गुडघे लपवीत होती. माझी आजी आम्हा सगळ्यांपासून काहीतरी याहून मोठे लपवीत होती, आणि तेही हसतमुखाने. 'घरची सगळी बरी ना?' हा प्रश्न जगातल्या कुठल्याही माणसाला विचारता येतो. त्याला नाव लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी चार ओळी वाचल्या आणि मिटली. "घरातल्या माणसांकडे असल्या नाटकी नजरेनं बघू नकोस," एवढेच म्हणाले. आई काही बोलली नाही. पुढचे दहाबारा दिवस घरात माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलणे चालले होते. आपल्या आईबद्दल असे काही ऐकून घेणे कुठल्या मुलाला सोपे जाईल? त्यात ते सांगणारी पोर नाटक शिकणारी.

बाबांना पटले ते त्यांच्या स्वतःच्या रीतीने. महिना संपला आणि भय्या पैसे मागायला आला. आजी म्हणाली, "तूच बघ रे आज, मला चष्मा सापडत नाही." चष्मा तिच्या नाकावर होता. बाबा भिंतीपाशी गेले. बँकेतला माणूस, आकड्यांवर नजर बसलेली. त्या महिन्याच्या 12 तारखेच्या चौकटीत दूध चार वेळा लिहिले होते. पुढच्या सहा चौकटी कोऱ्या होत्या. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी भय्याला तो सांगेल तितके पैसे दिले. आमच्या घरात हे प्रथमच घडत होते.

आम्ही आजीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, कधीपासून? आधी काय लक्षात आले? रोज होते की अधूनमधून? बाबांना काही सांगता येईना. रोज बरोबर राहणाऱ्या माणसाला फरक दिसतच नाही. मी वही उघडून तारखांसकट वाचू लागले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि शेवटपर्यंत ऐकले. अशा दुखण्यात रक्त तपासून फारसे कळत नाही, घरच्या माणसाने काय पाहिले यावर निदानाचा मोठा भार असतो, असे त्यांनी सांगितले. आज तपासण्या पुष्कळ पुढे गेल्या आहेत, तरी घरच्यांना हा प्रश्न विचारल्यावाचून डॉक्टर पुढे जात नाहीत.

पुढे माझ्या वाचनात आले ते सांगण्यासारखे आहे. ज्यांच्या नावाने हा स्मृतिभ्रंश ओळखला जातो ते जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी तो प्रथम 1906 साली वैद्यांच्या सभेत मांडला. त्यांनी तपासलेल्या त्या बाईचे जुने कागद फ्रँकफुर्टमध्ये हरवले होते, ते 1995 साली सापडले. त्यांत डॉक्टरांच्या हातची 1901 सालातली टिपणे आहेत. बाई जेवताना फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात आहे. काय खातेस असे विचारल्यावर सांगते, पालक. पुढे काही शेरा नाही. मला वाटले, आमच्या सरांनी त्या कागदावर लाल पेन्सिल चालवली नसती.

मार्चमध्ये वर्षाअखेरच्या एकांकिकेत मला वृद्धेचीच भूमिका मिळाली. आजीला रंगमंचावर न्यायचे की नाही, या प्रश्नाने माझी झोप उडाली. सरांना विचारले तर म्हणाले, "ते मी सांगणार नाही. पण घेतलंस तर पुरतं बघून घे. अर्धवट बघून घेतलेलं माणूस लोकांना हसवायच्या कामी येतं." मी एवढेच ठरवले, की विसरणे दाखवायचे नाही, सावरून घेणे दाखवायचे. संवादांत नसलेली एकच गोष्ट मी घेतली, पदराच्या गाठी. बोलता बोलता हाताला गाठ लागते, बाई ती चाचपते, क्षणभर थांबते, आणि पुढे बोलू लागते.

बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. प्रयोगानंतर ते मागे आले नाहीत. चर्नी रोडपासून घरापर्यंत आम्ही दोघे चालत गेलो. चाळीच्या जिन्यात ते थांबले आणि म्हणाले, "गाठी आईच्या ना?"

"हो."

"त्या कशाच्या आहेत, मी तिला विचारलं होतं. दिवाळीत. म्हणाली, एक तुझी, एक सुनेची, एक नातीची, एक नातवाची."

मी एवढे महिने त्या गाठी मोजीत होते. त्या कशाच्या हे बाबांना ठाऊक होते आणि त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

आजी त्यानंतर चार वर्षे होती. 1998 च्या हिवाळ्यात मी एका नाटकाबरोबर तीन आठवडे कोकणच्या दौऱ्यावर गेले. निघताना बाबांनी विचारले, "ती वही ठेवून जातेस का?" परत आल्यावर पाहिले तर डाव्या पानांवर त्यांचे बँकेतले टपोरे, सरळ अक्षर. 'स. 7.10. चहा. कप उजव्या हाताने. बशी पदराने पुसली.' 'स. 11. खिडकीत. खाली बघितले. भय्याला हाक मारली. तो भय्या नव्हता.' 'रा. 9. मला विचारले, जेवलास का रे? मी, हो. पुन्हा विचारले. मी, हो.' एकही विशेषण नाही.

ती वही संपल्यावर त्यांनी स्वतः दुसरी आणली, मग तिसरी. उजव्या पानांचे काय करायचे ते मी त्यांना समजावून सांगितले होते, पण तिथे काय वाटले ते त्यांनी कधी लिहिले नाही. कालनिर्णयावरून आणून त्यांनी तिथे दुधाचा हिशेब मांडला होता.