उलटा खराटा

मेसच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, लाकडी पेटीत लावलेला एक बुटका बुंधा हिवाळ्यातल्या पालक दिनाला बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तेव्हा त्यावर एकही पान नव्हते. एका काकूंनी मला विचारले, "हे वाळलेलं खोड इथे कशाला ठेवलंय रे?" मी "जिवंत आहे, काकू" एवढेच म्हणालो, कारण तेवढ्यात फॉल-इनची शिटी झाली. उरलेले उत्तर आता देतो.

ते झाड चायनीज एल्मचे आहे. चीन, कोरिया, जपान हे त्याचे मूळ प्रदेश. एल्म हे नाव आपल्याला परके वाटते, पण त्याच कुळातले एक झाड महाराष्ट्रात पुष्कळांनी पाहिले असेल, ते म्हणजे वावळ. माझ्या आजोळी शाळेच्या वाटेवर वावळाचे मोठे झाड होते. त्याच्या चपट्या, गोल, कागदासारख्या बिया वाऱ्यावर उडायच्या आणि आम्ही त्या झेलायचो. चायनीज एल्मची पाने त्यापेक्षा फारच लहान असतात, साधारण नखापासून बोटाच्या दोन पेरांपर्यंत, आणि कडेला करवतीसारखे दाते असतात. कापले की ते पुन्हा फुटते, आणि बोन्सायसाठी हा गुण सर्वांत मोलाचा.

बोन्सायमध्ये झाडाच्या आकाराच्या ठरलेल्या शैली असतात. मी करतोय तिला जपानीत होकीदाची म्हणतात. होकी म्हणजे झाडू. फटीगला आपण जो खराटा वापरतो, तो उलटा उभा धरा. खाली सरळ दांडा आणि वर सगळीकडे पसरलेल्या बारीक काड्या. खोड सरळ, वाकण नाही, आणि एका ठरावीक उंचीवरून सगळ्या फांद्या पंख्यासारख्या वर जातात. जपानमध्ये यासाठी केयाकी हे एल्मच्याच कुळातले झाड सर्वांत जास्त वापरतात, कारण ते मोकळ्या जागेत आपण होऊनच असे वाढते.

मी सातवीत असताना कुंपणालगत पाण्याच्या पाइपसाठी चर खणला जात होता. मध्ये एक एल्म आले, सुमारे सात फूट उंच, बुंध्याशी ५ सेंटिमीटर जाड. ते फेकून देणार होते. मी माळीबाबांकडे मागितले. फेब्रुवारी महिना होता, कळ्या अजून फुगल्या नव्हत्या, म्हणजे वेळ बरोबर होती. सरळ खाली जाणारे जाड मूळ कापले, बाजूची मुळे ठेवली. स्टोअरमधून एक मोडकी पेटी मिळाली. तिला तळाशी भोके पाडली आणि जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे व थोडे शेणखत भरले. मग करवत घेतली आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर खोड आडवे कापले. सात फुटांतले अर्धा फूट उरले. माळीबाबा म्हणाले, "ये तो गया, बेटा." खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

इतके कापायचे कशासाठी? कुंडीत लावलेल्या रोपाचे खोड फार हळू जाड होते. जमिनीतल्या झाडाला वर भरपूर पाने असतात, त्यांनी केलेल्या अन्नावर खोड भराभर भरते. म्हणून आधी जाडी कमवायची आणि मग उंची सोडून द्यायची. खराटा शैलीत खोडाचा मोकळा भाग एकूण उंचीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. बाकीचे दोन भाग नंतर नव्याने उभे करायचे असतात.

खोडातून नवे फुटवे येतात ते आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या ऑक्सिनमुळे, म्हणजे खरे तर ते नसल्यामुळे. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन खाली उतरते आणि खालच्या कळ्यांना दाबून ठेवते. शेंडाच गेला की हा दाब उठतो. सालीखाली झोपलेल्या कळ्या जाग्या होतात. शिवाय कापाच्या कडेला, साल आणि लाकूड यांच्या मधल्या कॅम्बियमच्या पातळ थरातून पूर्णपणे नव्या कळ्याही फुटतात. एप्रिलमध्ये माझ्या बुंध्यावर तीसहून जास्त कोंब होते. मी माळीबाबांना ओढत नेऊन दाखवले.

आणि इथेच मी चुकलो. मेलेले समजलेले झाड जगले होते, त्यातला एकही कोंब तोडवेना. सगळे ठेवले आणि सुट्टीवर घरी गेलो. ऑक्टोबरपर्यंत बुंध्याचा वरचा भाग मुठीसारखा फुगला. कारण साधे आहे. प्रत्येक फांदी आपल्या खाली नवे लाकूड घालते. तीस फांद्या एकाच जागेवरून निघाल्या तर त्या सगळ्यांचे लाकूड त्याच जागी साचते, त्यात जखम भरताना येणारी गाठ मिसळते. खोड खाली बारीक आणि वर जाड दिसू लागते, एखाद्या सोट्यासारखे. अशी गाठ आली की ती पुढे कमी होत नाही, वाढतच जाते.

उपाय एकच होता, गाठीच्या खाली पुन्हा कापायचे. म्हणजे संपूर्ण वर्षाची वाढ पेटवायला द्यायची. माझ्या खोलीतला मित्र म्हणाला, हिरवेगार आहे, राहू दे ना, कोणाला कळतंय. फेब्रुवारीतले तीन रविवार मी करवत घेऊन गेलो आणि तसाच परत आलो. चौथ्या रविवारी ११ सेंटिमीटरवर कापले.

या वेळी काप आडवा ठेवला नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखी उथळ खाच केली, खोलीने खोडाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे फुटवे एकाच पातळीवरून न येता थोडे वर-खाली येतात आणि वर सपाट टेबल दिसत नाही. करवतीने साल फाटते, म्हणून कडा धारदार चाकूने साफ केली आणि बुरशीनाशकाचा लेप लावला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून वरचे तीन-चार सेंटिमीटर घट्ट गुंडाळले. ही पट्टी कोणत्याही खतापेक्षा महत्त्वाची आहे. ती खोडाला वरच्या टोकाशी फुगू देत नाही आणि पट्टीखालचे नको असलेले कोंब दाबून ठेवते. पावसाळा संपता संपता ती काढली. जास्त काळ ठेवली तर सालीवर वळ उमटतात.

कोंब बोटभर झाल्यावर निवड केली. पाच ठेवले, चारही बाजूंना विखुरलेले आणि जवळजवळ सारख्या जाडीचे. बाकीचे सगळे खुडले, आणि पुढे दर आठवड्याला नवे येतील ते खुडत राहिलो. एक कोंब इतरांच्या पुढे पळाला की त्याचा शेंडा आधी खुडायचा, नाहीतर सगळा रस तोच ओढून घेतो आणि खराट्याऐवजी काठी तयार होते. कोवळेपणीच पाचही कोंब लोकरीच्या धाग्याने सैल बांधून वर उचलले. लाकूड पक्के झाल्यावर हा कोन बदलणे अवघड जाते.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण तेच खरे काम. कोंबाला पाच-सहा पाने येऊ द्यायची, मग दोन पाने ठेवून कापायचे. एल्मची पाने फांदीवर एकाआड एक, डाव्या-उजव्या बाजूला येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत कळी असते. कापल्यावर बहुधा शेवटच्या दोन्ही कळ्या फुटतात, म्हणजे एका फांदीच्या दोन होतात. शेवटचे पान झाडाच्या बाहेरच्या बाजूचे ठेवले की नवी फांदी बाहेर जाते, आतले ठेवले की गर्दी होते. फांदी जाड हवी असेल तर जास्त काळ वाढू द्यायची, बारीक हवी असेल तर लवकर कापायची. पाचाच्या दहा, दहाच्या वीस, असे गणित कागदावर छान दिसते. परवा मोजल्या तेव्हा सतराच होत्या. तीन ठिकाणी एकच कळी फुटली.

पाण्याबद्दल एवढेच सांगतो की वरची माती सुकू लागली की भरपूर द्यावे, रोज सवयीने देऊ नये. कापल्यानंतर लगेच खत घालू नये, नवी पाने पक्की होईपर्यंत थांबावे. घरी करणाऱ्या पालकांनी एक लक्षात ठेवावे. इथे पहाडात थंडीत एल्म पूर्ण निष्पर्ण होते, पण पुण्यात माझ्या मावशीच्या गॅलरीत त्याची बरीच पाने टिकतात. पाने झडली नाहीत म्हणून छाटणीची वेळ आली नाही असे समजू नये.

माझ्या अंदाजाने हा खराटा ३३ सेंटिमीटर उंच आणि नीट गोल व्हायला अजून सहा-सात वर्षे लागतील. मी दोन वर्षांनी पास आउट होईन. सातवीतला एक कॅडेट आता रविवारी माझ्याबरोबर येतो. त्याला पहिल्या दिवशी मी कापून ठेवलेली ती मुठीसारखी गाठ दाखवली. मागच्या महिन्यात त्याने मला न विचारता आतल्या बाजूचे दोन कोंब खुडले. दोन्ही बरोबर होते. एक मी ठेवणार होतो.

काकू, पुढच्या पालक दिनालाही पाने नसतीलच. पण जवळ येऊन पाहा, फांद्या तेव्हाच मोजता येतात.