खाडीच्या दोन काठांवरची वीज

भाईंदर स्थानकाबाहेर बस पकडून उत्तनच्या पुढे चौकला उतरले आणि धारावी किल्ल्याच्या टेकडीवर चढून गेले, की समोर वसईची खाडी दिसते. पलीकडे वसईचा किल्ला. १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेला ही दोन्ही ठिकाणे का हवी होती, हे इथे उभे राहिल्यावर आपोआप कळते. मी मात्र इथे येतो तो दिवेलागणीला. खाली कोळीवाड्यात दिवे लागतात, थोड्या वेळाने पलीकडे वसईतही लागतात. लांबून पाहणाऱ्याला दोन्हीकडचा उजेड सारखाच.

पण तो सारखा नाही. अलीकडचा काठ मुंबई उपनगराच्या वीजव्यवस्थेत मोडतो. १९२९ साली स्थापन झालेल्या बीएसईएसची ही हद्द, जी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. पलीकडचा काठ राज्य वीज मंडळाचा, म्हणजे २००५ नंतर महावितरणचा. त्याच सुमारास राज्यात भारनियमनाने कहर केला. मुंबई त्यातून वगळली होती. खाडीपलीकडे मात्र वेळापत्रक पाहून पिठाच्या गिरण्या चालत. एकाच पाण्याच्या दोन काठांवर दोन नशिबे!

हे असे का झाले, याची कारणे अनेक. त्यातले एक मला याच किनाऱ्यावर सापडते. उत्तरेला तारापूर, दक्षिणेला दाभोळ. दोन्ही ठिकाणी परदेशी भागीदारी झाली, आणि गंमत म्हणजे जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल ही दोन अमेरिकी नावे दोन्हीकडे होती.

तारापूरचा करार १९६३ चा. अमेरिकेने आठ कोटी डॉलरचे कर्ज दिले, यंत्रे दिली, आपल्या अभियंत्यांना प्रशिक्षण दिले. पण १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले तेव्हा ते आपल्या मालकीचे होते आणि चालवणारेही आपलेच होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर इंधनावरून अमेरिकेशी बिनसले. १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याचे ठरले. सुटे भाग मिळेनात, तेव्हा दुरुस्त्या इथेच कराव्या लागल्या. पाहुणा रुसून गेला, पण चूल विझली नाही. पुढे त्याच आवारात ५४० मेगावॅटच्या दोन देशी अणुभट्ट्या उभ्या राहिल्या.

दाभोळची कथा उलटी. १९९२ मध्ये एन्रॉनशी प्राथमिक करार झाला, १९९३ मध्ये वीजखरेदीचा. मंडळाने मुख्यतः एकच गोष्ट करायची होती : डॉलरशी बांधलेल्या दराने वीज विकत घ्यायची. १९९५ मध्ये करार रद्द झाला, मग नव्याने झाला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. वर्षअखेरीस एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. कर्जाचा आणि कोर्टकचेऱ्यांचा पसारा तेवढा उरला.

म्हणजे परदेशी मदत वाईट, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात, १९९९ मध्ये, धरण रिकामे न करता तलावाच्या तळाला पाण्याखालून छिद्र पाडले गेले. हे तंत्र नॉर्वेचे. २०१२ मध्ये दुसऱ्यांदा तसेच छिद्र पाडायची वेळ आली, तेव्हा पहिल्या कामाचा अनुभव आपल्या जलसंपदा खात्याच्या गाठीशी होता. मदत घ्यावी ती अशी, की दुसऱ्या वेळी तिची गरज कमी पडावी.

गेल्या तीन दशकांत एका देशातील वीज कंपनीची दुसऱ्या देशातील कंपनीशी जोडी लावून द्यायची, गळती कशी मोजायची, मीटर कसे तपासायचे, हिशेब कसा ठेवायचा हे एकमेकांच्या कचेरीत बसून शिकायचे, असे उपक्रम अनेक गरीब देशांत झाले. त्यांना पैसा पुरवणाऱ्यांत ‘यूएसएड’ ही अमेरिकी संस्था मोठी होती. २०२५ मध्ये ती संस्थाच बंद करण्यात आली. आता त्या देशांची परीक्षा आहे. ज्यांना फक्त यंत्रे आणि अहवाल मिळाले, त्यांच्या कपाटात धूळ साचेल. ज्यांच्या तारतंत्रीला आणि कनिष्ठ अभियंत्याला काही शिकता आले, त्यांचे काम चालू राहील.

चौकच्या धक्क्यावर होड्या लागलेल्या असतात. ज्या होडीचे इंजिन होडीवरच्या कोणालाच उघडता येत नाही, ती खोल समुद्रात न्यायला शहाणा तांडेल धजावणार नाही. इंजिन कोणत्या देशाचे, हा प्रश्न तो नंतर विचारील. करारावर सह्या करणाऱ्यांनी एवढे जरी तांडेलाकडून घेतले, तरी खाडीच्या दोन्ही काठांवर उजेड टिकेल.